शंभर वॅटचा माणूस

माणसाचं शरीर साधारण १०० वॅटवर चालतं. दिवसाला दोन हजारांच्या आसपास किलोकॅलरी पोटात जातात, त्या चोवीस तासांवर पसरल्या की एवढंच उत्तर येतं. जुन्या पिवळ्या बल्बइतकं. त्यात श्वास आला, हृदयाचे ठोके आले, चालणं, बोलणं, रडणं, विचार करणं, सगळं आलं. श्रीमंत देशातल्या माणसासाठी इथे वेगळा आकडा नाही आणि गरीब देशातल्यासाठीही नाही. उपाशी माणसाचा थोडा कमी भरेल, एवढाच फरक.

हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, कारण त्याच कागदावर खाली दुसरे आकडे होते. दिवे, यंत्रं, वाहनं, कारखाने, घर गरम किंवा थंड ठेवणं हे सगळं धरून एका माणसामागे सतत किती ऊर्जा खर्च होते? जगाची सरासरी काढली तर दरडोई साधारण २,४०० वॅट. युरोपात ४,००० च्या आसपास. अमेरिकेत ९,००० च्या आसपास. म्हणजे तिथल्या सरासरी माणसाच्या दिमतीला त्याच्यासारखी नव्वदच्या आसपास शरीरं रात्रंदिवस राबत असल्यासारखं झालं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला मात्र असे देश आहेत, जिथे हा आकडा काही शे वॅटवर थांबतो. त्यातलंही बरंचसं सरपण असतं, कुणा बाईने डोक्यावरून वाहून आणलेलं.

पण या विषयाकडे मी आकड्यांमुळे वळले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका श्रीमंत देशात ओळखीच्या कुटुंबाकडे काही दिवस राहिले होते. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात सगळे अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत. माणसं अतिशय चांगली. कचरा नीट वेगळा करणारी, दुसऱ्या खोलीत दिवा राहिला असेल तर जेवणावरून उठून बंद करून येणारी. एका रात्री गप्पा तापमानवाढीकडे वळल्या आणि यजमान मनापासूनच्या काळजीने म्हणाले, "त्या सगळ्या लोकांनी उद्या एसी घ्यायला सुरुवात केली, तर पृथ्वीचं काय होईल?"

मी मान हलवली.

ते मान हलवणं मला अजून टोचतं. "ते सगळे लोक" म्हणताना त्यांनी मला त्यांत धरलं नव्हतं, आणि मीही स्वतःला धरलं नव्हतं. माझ्या देशाची गणना त्या लोकांत होत होती, पण माझ्या घरी एसी होता. त्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे जे होतं, ते कुणाच्या प्रश्नाचा विषय नव्हतं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांच्या इच्छेची मात्र चिंता चालली होती.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये एक हिशेब मांडला होता. जगातल्या सर्वांत उष्ण प्रदेशांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी फक्त ८ टक्के लोकांकडे एसी होता. अमेरिका आणि जपानमध्ये तो ९० टक्के घरांत होता. उन्हाने माणूस मरतो, तसाच थंडीनेही मरतो. तरी हिवाळ्यातली ऊब ही गरज आणि उन्हाळ्यातला गारवा ही चैन, असं आपल्या बोलण्यात सहज येऊन जातं. हे कुणी ठरवलं, याचा मी खूप विचार केला आहे. ज्यांच्या वाट्याला थंडी होती आणि हाती पैसा होता, त्यांनी ते ठरवलं आणि बाकीच्यांनी, माझ्यासारख्यांनी, मान हलवली.

त्यानंतर मी जे जे वाचत गेले, त्यातली एक गोष्ट मनातून कधीच गेली नाही. काँगो नदी अटलांटिक महासागराला मिळण्याआधी इंगा नावाच्या ठिकाणी खडकांवरून प्रचंड वेगाने खाली उतरते. तिथे १९७२ मध्ये एक आणि १९८२ मध्ये दुसरं जलविद्युत केंद्र सुरू झालं. तिथून निघालेली उच्चदाब वाहिनी काँगो लोकशाही प्रजासत्ताक या देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोल्वेझीपर्यंत जाते. अंतर १,७०० किलोमीटर. बांधून झाली तेव्हा ती जगातली सर्वांत लांब वाहिनी होती. ती बांधली गेली तांब्याच्या खाणींसाठी.

ही वाहिनी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहाची आहे. इतक्या लांबच्या अंतरावर डीसीमध्ये विजेची गळती कमी होते, त्यामुळे अभियंत्यांची निवड तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होती. पण डीसी वाहिनीचा एक गुण आहे. नेहमीच्या वाहिनीवर वाटेत उपकेंद्र बसवून, ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवून गावाला वीज देता येते, तसं इथे करता येत नाही. त्यासाठी प्रवाहाचं रूपच बदलणारं मोठं, महागडं केंद्र लागतं, आणि ती केंद्रं दोन टोकांनाच होती. मधली सगळी गावं तारांच्या खाली अंधारात राहिली. वीज त्यांच्या डोक्यावरून गेली. आज त्या देशात वीज पोहोचलेली माणसं साधारण पाचात एक आहेत.

त्याच खाणींच्या पट्ट्यातून आता जगातलं जवळपास ७० टक्के कोबाल्ट निघतं. ते फोनच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत जातं. ज्या स्वच्छ ऊर्जेची आपण सगळे वाट बघतो आहोत, तिची एक तार पुन्हा त्याच गावांच्या वरून जाते आहे.

घानाची गोष्ट मला याहून जास्त चटका लावते, कारण तिथे स्वप्न त्यांचं स्वतःचं होतं. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी व्होल्टा नदीवरच्या अकोसोम्बो धरणाचा ध्यास घेतला. वीज आली की कारखाने येतील, देश स्वतःच्या पायावर उभा राहील, हा त्यांचा विश्वास होता. पण धरणाला कर्ज हवं होतं, आणि कर्ज मिळायला विजेचा मोठा, खात्रीचा गिऱ्हाईक हवा होता. तो मिळाला अमेरिकी कंपन्यांच्या अॅल्युमिनियम कारखान्याच्या रूपाने. दर अत्यंत कमी, करार दीर्घ मुदतीचा. धरणाच्या पाण्याखाली सुमारे ८०,००० लोकांची घरं गेली. जानेवारी १९६६ मध्ये उद्घाटन झालं आणि पुढच्याच महिन्यात एन्क्रुमांची सत्ता उलथवली गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या धरणाच्या विजेचा मोठा वाटा एकट्या कारखान्याने घेतला. घानाच्या जमिनीत स्वतःचं बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, होतं, तरी कारखान्याचा कच्चा माल बाहेरून यायचा आणि धातू बाहेर जायचा. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्यातल्या अनेकांच्या नव्या वस्त्यांत दिवा लागायला काही दशकं जावी लागली.

आता याचा हिशेब कसा लिहिला जातो ते बघण्यासारखं आहे. ती सगळी वीज घानाच्या खात्यावर पडली. धातू दूरच्या देशांत वापरला गेला, पण "घाना इतकी वीज वापरतो" अशी नोंद झाली. देशांच्या ऊर्जावापराचे तक्ते बघताना मला आता नेहमी हा कारखाना आठवतो. वस्तू जिथे बनते तिथे धूर आणि वीज नोंदवली जाते, आणि जिथे वापरली जाते तिथला तक्ता स्वच्छ दिसतो. श्रीमंत देशांनी आपलं उत्सर्जन कमी केल्याचं जेव्हा वाचते, तेव्हा त्यातलं किती खरोखर कमी झालं आणि किती दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसलं, हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकत नाही. बरंच खरोखर कमी झालं आहे, हेही मान्य करते. पण सगळं नाही.

चूक कुणाची, हे सांगण्याआधी हिशेब कोणत्या पद्धतीने मांडला तेच तपासावं लागतं. १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण या दोघा भारतीय पर्यावरण अभ्यासकांनी नेमकं हे केलं. वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेने हवामानबदलाला जबाबदार देशांची यादी काढली होती आणि तिच्यात गरीब, पण मोठ्या लोकसंख्येचे देश वरच्या क्रमांकांवर आले होते. या दोघांनी विचारलं, भाताच्या शेतातून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा धूर एकाच तराजूत कसा घालता? जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं आणि चैनीचं वेगळं. दोन वर्षांनी हेन्री शू या अमेरिकी तत्त्वज्ञाने हाच भेद नीतिशास्त्राच्या भाषेत मांडला. माझ्या मते या सगळ्या वादात याहून महत्त्वाचं वाक्य कुणी उच्चारलेलं नाही, कारण ते हिशेबाची वहीच बदलतं. देश किती वापरतो याच्या आधी, कशासाठी वापरतो, हे त्या वहीत लिहावं लागतं.

१९९२ च्या रिओ हवामान करारात "समान, पण वेगवेगळ्या प्रमाणातली जबाबदारी" हे तत्त्व आलं. मग जुलै १९९७ मध्ये अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांवरही त्याच काळात उत्सर्जनाचं बंधन नसेल, तर अमेरिकेने उत्सर्जनावर बंधन घालणाऱ्या करारावर सही करू नये. एकही मत विरोधात नाही. औद्योगिक युगाच्या सुरुवातीपासून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा त्या एका देशाचा आहे. संपूर्ण आफ्रिका खंडाचा ३ टक्क्यांच्या आसपास.

इथे "चोर सोडून संन्याशाला फाशी" असं म्हणायचा मोह होतो, पण चोर हा शब्द मला वापरवत नाही. दोनशे वर्षांपूर्वी खाणीत उतरून कोळसा काढणारी पोरं चोर नव्हती. त्या धुराने हवा तापेल हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्या कोळशाचा फायदाही त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. पण वडिलोपार्जित घर ठेवून घ्यायचं आणि त्या घरावरचं कर्ज मात्र "ते आजोबांनी काढलं होतं" म्हणून नाकारायचं, हे कुठल्याही कुटुंबात चालत नाही. घर नको असेल तर कर्जही सोडता येतं. घर कुणीच सोडत नाही आहे.

२०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं मी फार जवळून पाहिली, कारण तेव्हा सगळं उघड्यावर आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जर्मनीसह अनेक श्रीमंत देशांनी जाहीर केलं की, परदेशातल्या कोळसा, तेल आणि वायूच्या प्रकल्पांना २०२२ अखेरपासून, मोजके अपवाद सोडून, सरकारी पैसा देणार नाही. तीन महिन्यांनी युक्रेनवर हल्ला झाला, रशियाचा वायू आटला, आणि जर्मनीने बंद ठेवलेली कोळशाची केंद्रं पुन्हा पेटवली. विल्हेल्म्सहाफेनला द्रवरूप वायू उतरवण्याचं बंदर वर्षभराच्या आत उभं केलं. जहाजांतून येणारा वायू युरोपने पडेल त्या भावाने घेतला. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने वायूसाठी निविदा काढली, तर तिला एकही बोली आली नाही. बांगलादेशाने त्या-त्या दिवसाच्या भावाने चालणाऱ्या तात्काळ बाजारातून वायू घेणंच थांबवलं आणि तिथे ठरवून भारनियमन सुरू झालं.

जर्मनीतल्या कुणा आजीबाईंचं घर त्या हिवाळ्यात गरम राहिलं, याचा मला राग नाही. राहायलाच हवं होतं. मला टोचतं ते वेगळं. एका बाजूला संकट आलं तेव्हा ते आणीबाणी ठरलं, आणि आणीबाणीत नियम बाजूला ठेवता येतात, हे सगळ्यांनी समजून घेतलं. दुसऱ्या बाजूची आणीबाणी रोजची आहे, म्हणून तिला ते नाव मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की, जवळपास १०० कोटी लोक ज्या दवाखान्यांवर अवलंबून आहेत, तिथे वीज नाही किंवा तिचा भरवसा नाही. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर कुणीतरी टॉर्च धरून उभं राहायचं. २०० कोटींहून जास्त लोक अजून लाकूड, शेण, कोळसा जाळून रांधतात, आणि घरातल्या धुराने वर्षाला सुमारे ३० लाख माणसं जातात. बायका आणि लहान मुलं जास्त, कारण चुलीजवळ तेच असतात. इतक्या मृत्यूंसाठी बंदर वर्षभरात बांधलं जात नाही.

त्यांनी थेट सूर्याकडे वळावं, असं म्हणतात. वळावंच. सौर पटलांच्या किमती २०१० नंतरच्या दशकात ९० टक्क्यांच्या आसपास उतरल्या, ही आपल्या काळातली फार चांगली बातमी आहे. पण सौरऊर्जेचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो, म्हणजे कर्ज काढावं लागतं, आणि गरीब देशाला तेच कर्ज दुपटीहून जास्त महाग पडतं. सौरऊर्जेसाठी जगात सर्वोत्तम ठरणाऱ्या जागांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत आणि बसवलेली सौर क्षमता १ टक्क्याच्या आसपास. ऊन फुकट आहे, व्याज नाही.

मग किती पुरे? हा प्रश्न विचारायला आपण सगळे घाबरतो, कारण त्याचं उत्तर आपल्याच अंगावर येतं. पण तो विचारला गेला आहे. १९८५ मध्ये ब्राझीलचे जोझे गोल्डेम्बर्ग, भारताचे अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हिशेब करून दाखवला की, सर्वांत कार्यक्षम साधनं वापरली तर माणशी १ किलोवॅट ऊर्जेत, प्रत्यक्ष वापराच्या टोकाशी मोजून, सत्तरच्या दशकातल्या पश्चिम युरोपासारखं राहणीमान शक्य आहे. नुसतं पोट भरणं नव्हे, त्याच्या पुष्कळ पुढचं. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातून नव्वदच्या दशकात "२,००० वॅटचा समाज" ही कल्पना पुढे आली, आणि २००८ मध्ये त्या शहराच्या नागरिकांनी मतदान करून ते उद्दिष्ट स्वीकारलं. चारातल्या तिघांनी होकार दिला. मला याचं फार अप्रूप वाटतं. एका अतिशय श्रीमंत शहराने स्वतःहून विचारलं की आम्हाला किती पुरे, आणि मतपेटीत आकडा टाकला. तिथे पोहोचणं अवघड आहे, ते अजून पोहोचलेलेही नाहीत. पण प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला.

नुसत्या कार्यक्षमतेने भागणार नाही, हे १८६५ मध्येच विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल सांगून ठेवलं आहे: इंजिन सुधारलं की कोळसा स्वस्तात जास्त काम देतो, आणि म्हणून जास्त जाळला जातो. २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. दक्षिण आफ्रिका वगळता सहाराच्या दक्षिणेकडचे सगळे देश मिळून एवढी वीज वापरत नाहीत. त्या यंत्रांतून पुष्कळ उपयोगी कामं होतात, पण त्यातलं जगण्याचं किती आणि चैनीचं किती, हे विचारायची पद्धत अजून पडलेली नाही.

हे सगळं लिहिताना मी श्रीमंत देशांकडे बोट दाखवते आहे आणि ते बोट खाली घेणार नाही. पण दरडोई सरासरी ही माझ्यासारखीसाठी फार सोयीची जागा आहे. माझ्या देशातल्या कोट्यवधी माणसांचा अंधार माझ्या दिव्यांत मिसळला की येणारा आकडा साधासुधा, नैतिक वाटतो. त्यांच्या कमीपणामुळे माझं जास्तीपण झाकलं जातं. जागतिक परिषदेत त्यांच्या नावाने मागितलेली सवलत माझ्यापर्यंत आधी पोहोचते.

म्हणून मी माझ्यापुरता तक्ता मांडला. आमच्या घरात चार माणसं, महिन्याला सरासरी ३०० युनिट. माणशी सतत १०० वॅटच्या जरा वर. म्हणजे माझ्या शरीराइतकं आणखी एक शरीर. समाधान वाटलं. मग केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके यांचा एक हिशेब घेतला: वर्षातून एकदा दूरच्या खंडात विमानाने जाऊन परत येणं म्हणजे वर्षभर रोज सुमारे ३० युनिट वापरण्यासारखं आहे. ते १,२५० वॅट होतात. एका प्रवासात एक किलोवॅट संपला आणि वर अडीचशे राहिले. २०१८ मध्ये जगातल्या नऊ माणसांपैकी साधारण एक विमानात बसला होता. त्या बर्फातल्या घरी, त्या जेवणाच्या टेबलापर्यंत मी अशीच पोहोचले होते.

काही महिन्यांपूर्वी त्या यजमानांचा फोन आला. आता ते थकले आहेत, पण काळजी तीच. बोलता बोलता मी त्यांना त्या रात्रीची आठवण करून दिली आणि म्हटलं की, तेव्हा मी मान हलवली, ती मला हलवायची नव्हती. त्यांना प्रश्न आठवत नव्हता. मी तो पुन्हा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. रागावले असावेत, असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आम्ही किती वापरतो, हे तुम्हाला काढता येईल?"

मी म्हटलं, माझं काढून झालंय, तुमचं आपण दोघं मिळून काढू. त्यांचं घर गरम ठेवण्याचं वर्षाचं बिल त्यांच्याकडे होतं, गाडीचा प्रवास साधारण लक्षात होता. ते कागद-पेन घेऊन आले आणि कुठून सुरुवात करायची म्हणाले. मी सांगितलं, सगळ्यात वर शंभर लिहा, ते तुमचं स्वतःचं. माझ्याही कागदावर तेच आहे.